खुर्चीतून उठण्याचे वर्ग

"योगासनं का?" नाही.
"मग फिजिओ?" तेही नाही.
"नक्की शिकवता काय?"
खुर्चीतून उठायला, म्हणाले.
बँकेतले आगाशे फॉर्मवरून नजर न काढता म्हणाले,
"आणि त्याचे लोक पैसे देतात?"
व्यवसायापुढे त्यांनी 'इतर' लिहिलं.
त्यांची मान तेव्हा खांद्यांत इतकी रुतली होती
की काचेखालच्या फटीतून
माझा हात जवळजवळ गेलाच.

तीस वर्षं झाली या 'इतर'ला.
नारायण पेठ, गिरणीच्या वरची खोली.
आठला खाली ज्वारी सुरू होते
आणि तळव्यांना फरशी कळायला लागते.
माझं निम्मं काम बोत्र्यांची गिरणीच करते.

सतरंजीवर उताणं, गुडघे वर,
डोक्याखाली जुने दिवाळी अंक.
सतारवाल्या घैसासला पाच लागतात,
कथकच्या मुलींना दोन,
एकांकिकेच्या पोरांना सात,
स्पर्धा तोंडावर आली की आठ.
त्यांत कथा आहेत, वार्षिक भविष्य आहे,
बंद पडलेल्या साबणांच्या जाहिराती आहेत.
साहित्यावर इतका भार टाकणारी माणसं
पुण्यात दुसरीकडे नसतील.

मी फार काही करत नाही.
कवटी मणक्यावर बसते तिथे हात ठेवते,
फुगत्या पुरीवर झारा टेकवावा
त्याहून हलका.
"काही करू नकोस," म्हणते.
हे ऐकलं की प्रत्येक जण काहीतरी करतो.
घैसास श्वास धरून ठेवतो.
निशिगंधा, जी तिसऱ्या अंकात
अख्खा प्रवेश मेलेली पडून असते,
माझ्यापुढे सैल पडल्याचा अभिनय करते,
आणि तो वाईट करते.

एकदा बोत्र्यांना वर बोलावलं.
रोज खिडकीतून बघत होते:
पाठीवर पन्नास किलोचं पोतं,
आणि मान अशी, की वर पोतं आहे
हे तिला कुणी कळवलेलंच नाही.
म्हटलं, पोरांना नुसतं उचलून दाखवा.
आले. पापण्यांवर पीठ.
समोर चौदा जण, सगळे टक लावून.
त्यांनी सदरा खाली ओढला, छाती काढली,
हनुवटी वर केली, पोतं उचललं
आणि पाठीत उसण भरली.

दोन आठवडे गिरणी बंद.
डबे आले तसे परत जात होते.
फरशी मुकी.
मी रोज खाली त्यांच्या पाठीखाली हात घालून बसायचे,
अपराध्यासारखी पुटपुटायचे, काही करू नका.
"बाई," ते म्हणाले,
"तुम्ही सांगेस्तोवर काही करतच नव्हतो की."

हे मी वर्गात अजून सांगितलेलं नाही.

अण्णांच्या थापेचं मात्र सांगते.
शाळामास्तर. जेवताना, पाढे म्हणताना
मागून येऊन खांद्याच्या पात्यांमध्ये धप्पकन,
"पोक!"
मी ताठ. पेटी वाजवतानाही ताठ.
पंचविसाव्या वर्षी उजवा हात खांद्यावर जाईना.
पेटी विकली.
त्या थापेखालून बाहेर यायला अकरा वर्षं गेली,
मग तेच पोटापाण्याचं झालं.

आता अण्णा एकोणनव्वदचे.
काल संध्याकाळी त्यांना खुर्चीतून उठवत होते.
हात ठेवला, त्यांचा पडायचा
त्याच्या दोन बोटं वर.
ते पुढे झुकले. वजन कुठे गेलं, कळलं नाही.
मी उचललं नव्हतं, त्यांनीही नाही.
उभे होते नुसते,
पायजम्याची नाडी लोंबत, हलके.
"ताठ आहे ना मी?"
नव्हते. हो म्हणाले.
त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.
"तू मात्र पोक काढतेस."

मी ताठ झाले.
तिथल्या तिथे, छाती काढून, श्वास धरून.